फाशी दिलेला माणूस तिसऱ्या रात्री उठला, तर शिक्षा भोगून झाली का?

वीसबाजू
गेल्या शनिवारपासून हे डोक्यातून जात नाहीये. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स (एकेक पात्र घेऊन टेबलाभोवती खेळायची काल्पनिक साहसकथा), पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. आमच्या टोळीतल्या एका पात्राने धान्याच्या व्यापाऱ्याला भोसकलं. व्यापाऱ्याच्या बायकोने हिरा विकत घेतला आणि देवळातून नवऱ्याला उठवून आणलं. न्यायालयाने तरीही आमच्या माणसाला फाशी दिली. तिसऱ्या रात्री आम्ही प्रेत उकरलं, आमच्या क्लेरिकने, म्हणजे पुजारी पात्राने, 'रेज डेड' हा मेलेल्याला उठवणारा मंत्र टाकला, गडी उठून बसला. आता त्याला पुन्हा पकडायचं की नाही? डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) निर्णय आमच्यावर सोडलाय.

माझ्या मते शिक्षा झालेलीच नाही. 'रेज डेड'ला ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो. त्याच नियमपुस्तकात साध्या मजुराचा रोज २ चांदीची नाणी आहे. हिशोब करा: २५०० दिवसांची मजुरी, म्हणजे जवळजवळ सात वर्षं, त्यातलं एक नाणंही खर्च न करता. आम्हाला तो हिरा एका गुहेत सापडला होता. त्याच सकाळी शेजारच्या फासावर एक घोडेचोर चढला, तो मेला तो मेलाच. आमच्या माणसाला काय भोगावं लागलं? हल्ला, बचाव किंवा चाचणीसाठी फासा टाकला की −४, आणि रोजच्या विश्रांतीने त्यातला एक कमी. चार दिवसांचा अशक्तपणा!

काळाकोट
असहमत. वकिली करतो म्हणून शब्दांवर बोट ठेवतो. आपल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५४(५) सांगतं की मृत्यू होईपर्यंत गळफास द्यावा. त्यानंतर मेलेलंच राहावं, असं त्यात कुठे नाही. तुमच्या न्यायालयाने फाशी दिली, माणूस मेला, हुकूम पुरा झाला. एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही.

आणि फासावरून परतलेली माणसं खऱ्या इतिहासातही आहेत. १६५० साली ऑक्सफर्डमध्ये ॲन ग्रीन या मोलकरणीला अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशी दिली. शवविच्छेदनासाठी आणलेल्या पेटीत ती श्वास घेताना दिसली, विल्यम पेटी आणि थॉमस विलिस या डॉक्टरांनी तिला शुद्धीवर आणलं. तिला पुन्हा फासावर चढवलं नाही, माफी मिळाली.

वीसबाजू
माफी द्यावी लागली, म्हणजे शिक्षा शिल्लक होती असंच ना? शिवाय तिच्यासाठी कुणी हिरा घेऊन उभं नव्हतं.

काळाकोट
शिल्लक होती, कारण ॲन मेलीच नव्हती. तुमचा माणूस मेला होता. फरक तिथेच आहे.

कंदीलवाली
तुम्ही दोघंही खुन्याबद्दलच बोलताय. व्यापाऱ्याचं काय?

तो उठला म्हणून गुन्हा 'खुनाचा प्रयत्न' होतो, असं आमच्या टेबलवर एकदा ठरलं होतं. मी तेव्हाही भांडले होते. कारण नियमानुसार आत्म्याची इच्छा असल्याशिवाय कुणी परत येत नाही, आणि बोलावणारा कोण हे आत्म्याला कळतं. मग उद्या प्रत्येक खुनी आपल्याच बळीला उठवायला धावेल, आणि आत्मा नाही म्हणाला तर फाशीचा दोष त्या मेलेल्या माणसावर! मरणाच्या पलीकडेही त्याला सुटका नाही. माझ्या लेखी खून भोसकलं त्याच क्षणी पूर्ण झाला. पुन्हा अटक कराल न कराल, आधी त्या बाईचे ५०० परत द्या.

रात्रपाळीचा डीएम
बाईंच्या पैशांबाबत +१. पण वीसबाजू, तुमचं म्हणणं राज्याने मानलं तर पुढे काय होतं ते बघा. धडाला मुंडकं नसेल तर 'रेज डेड' चालत नाही. मग फाशीऐवजी शिरच्छेद. त्यावर 'रिझरेक्शन' हा आणखी मोठा मंत्र आहे, १००० चा हिरा आणि तेराव्या पातळीचा क्लेरिक. मग प्रेत जाळा. तरी २५,००० च्या हिऱ्यांवर 'ट्रू रिझरेक्शन' आहेच, त्याला देहसुद्धा लागत नाही. कचाच्या गोष्टीत असुरांनी हेच केलं: आधी तुकडे करून लांडग्यांना घातले, मग वाटून समुद्रात कालवलं, शेवटी राख करून शुक्राचार्यांच्याच मद्यात मिसळली. माझ्या जगातल्या न्यायाधीशाने त्या वाटेने जाऊ नये.

मी उलटं करतो. फाशीनंतर प्रेत सरकारी ताब्यात, त्यावर दर दहा दिवसांनी 'जेंटल रिपोज' हा प्रेत टिकवणारा मंत्र; 'रेज डेड' मेल्यापासून दहा दिवसांतच चालतो, ती मुदत त्याने थांबून राहते. अपिलात माणूस निर्दोष ठरला, तर सरकारने आपल्या खर्चाने उठवायचं. चुकीच्या फाशीची भरपाई आपल्या जगात कुठल्याच न्यायालयाला करता येत नाही. त्या जगात येते, आणि आपण ती ताकद मुंडकी उडवण्यात घालवायची?

काळाकोट
हे पटलं. वीसबाजू, त्या घोडेचोराला मरून किती दिवस झाले?

वीसबाजू
खेळातले सहा. हिरा संपला. आमच्या योद्ध्याचं प्लेट चिलखत १५०० चं आहे, विकताना अर्धे मिळतात. ७५०. बाईंचे पैसे आणि घोडेचोर, दोन्ही त्यात बसत नाही.

कंदीलवाली
मग बाई आधी. तिचं तुम्ही देणं लागता.

वीसबाजू
तिचा नवरा घरी आहे. घोडेचोराच्या हातात चार दिवस आहेत. शनिवारी मी त्याच्या बाजूने बोलणार, आणि बाईंना उरलेले २५० देऊन बाकीचं लिहून देणार.

कंदीलवाली
खुनी टोळीचं लिहून दिलेलं कोण घेईल?