गडभटकंतीकडून प्रस्तरारोहणाकडे : सुरुवात कुठून करावी?

प्रश्न – पाऊलवाट_पुणे

नमस्कार. गेली सहा वर्षे मी सह्याद्रीत नियमित फिरतो आहे. राजगड-तोरणा, रतनगड आणि नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड हे ट्रेक झाले आहेत. मागच्या हिवाळ्यात रायलिंग पठारावर बसून समोरच्या लिंगाण्यावर चढणारी एक तुकडी पाहिली आणि तेव्हापासून दोर लावून चढायला शिकण्याची इच्छा मनात घर करून आहे. पुढे कधीतरी हिमालयातले सहा हजार मीटरचे एखादे शिखर चढावे, असेही वाटते.

सुरुवात म्हणून मी पैसे भरून एका आयोजकाच्या रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याच्या, कार्यक्रमाला गेलो होतो. पन्नासहून अधिक माणसे आणि दोन दोर असा तो प्रकार होता. हार्नेस (कमरेचा पट्टा) कोणीतरी घातले, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) कोणीतरी अडकवला आणि पाच मिनिटांत मी खाली होतो. छायाचित्र उत्तम आले, पण मी नेमका कशाला लटकलो होतो, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

माझे वय २९ आहे आणि नोकरीमुळे फक्त रविवार मोकळा असतो. अशा वेळी एखाद्या गिर्यारोहण संस्थेत जावे, कृत्रिम भिंतीवर सराव करावा की थेट गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला नाव नोंदवावे? साहित्य आत्ताच घ्यावे का?

उत्तर – जुना_दोर

तुमच्या प्रश्नातले शेवटून दुसरे वाक्य सोडून आधी त्या पाच मिनिटांविषयी लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांतच आहे. रॅपलिंगच्या कार्यक्रमात तुम्ही गिऱ्हाईक असता आणि संस्थेत गेल्यावर काही महिन्यांतच दुसऱ्याचा जीव तुमच्या हातात दिला जातो. दोन्हींतला खरा फरक हाच आहे. म्हणून संस्था पारखताना त्यांनी किती सुळके सर केले, ही यादी विचारू नका. नव्या माणसाला बिले द्यायला, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळायला, कोण शिकवतो, किती दिवस शिकवतो आणि त्याच्या पाठीशी दुसरा बिलेयर उभा असतो का, ते विचारा.

मी शिकलो तेव्हा पहिले दोन महिने मला कातळावर फारसे चढूच दिले नाही. खाली उभे राहून दोर सोडायचा, ओढायचा आणि खालचा हात दोरावरून क्षणभरही सुटू द्यायचा नाही, एवढेच काम होते. एकदा वरचा गडी ओरडला, ‘स्लॅक दे’, म्हणजे दोर सैल सोड, आणि मी मान वर करून बघताना नेमका तोच हात सैल केला. काही झाले नाही, कारण मागे उभ्या असलेल्या सरांनी दोर धरलेलाच होता. ते रागावले नाहीत. पुढचे चार रविवार मला चढायला मात्र मिळाले नाही. त्या वेळी अपमान वाटला होता. आज माझ्याकडे नवा मुलगा आला तर मीही हेच करतो.

दुसरे म्हणजे आपला दगड समजून घ्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून आपले कडे तयार झाले आहेत. त्यांतला काळा बसाल्ट टणक असतो, पण दोन थरांच्या मधला पट्टा पुष्कळदा ठिसूळ असतो आणि नेमकी तिथेच उभे राहायला ऐसपैस जागा दिसते. पकड हातात घेण्याआधी मुठीने ठोकून पाहायची सवय लावा. घट्ट दगड भरीव वाजतो आणि सुटलेला दगड पोकळ बोलतो. हे कान भिंतीवर तयार होत नाहीत, त्यासाठी कातळच लागतो. शिवाय आग्या मोहोळ असलेल्या कड्याला हात लावायचा नाही, तिथे कितीही सोपी वाट दिसली तरी.

अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी जोडलेल्या संस्था अनेक जिल्ह्यांत आहेत, त्यामुळे चौकशी तिथून सुरू करता येईल. पैसे घेऊन साहसी उपक्रम चालवणाऱ्यांसाठी राज्य शासनाचे २०२१ चे धोरण आहे आणि त्यात नोंदणीची अट आहे. पुढच्या वेळी आयोजकाला तो क्रमांक जरूर विचारा. हिमालयाची घाई मात्र करू नका. पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची स्थापना १९८२ ची आणि त्यांची एव्हरेस्ट मोहीम २०१२ ची, म्हणजे मध्ये तीस वर्षे गेली.

उत्तर – तेखला_ते_हिमनदी

वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण कोर्ससाठी फार थांबू नका, असे माझे मत आहे. गिर्यारोहण शिकवणारी दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. दोन्हीकडचा बेसिक कोर्स २८ दिवसांचा असतो. अडचण रजेचीच येते, कारण हे दिवस सलग लागतात, आणि जागा लवकर भरत असल्यामुळे अर्ज कितीतरी महिने आधी करावा लागतो.

मी उत्तरकाशीला गेलो होतो. सुरुवातीचे दिवस जवळच्याच तेखला इथल्या कातळावर गेले आणि तिथे सह्याद्रीत दोर हाताळलेल्यांना हायसे वाटत होते, कारण गाठी आणि बिले त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. हिमनदीवर पोहोचल्यावर मात्र सगळे सारखेच नवखे झालो. क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी खिळे) घालून चालणे किंवा घसरल्यावर आइस ॲक्सने स्वतःला थांबवणे इथे राहून शिकता येतच नाही. पुढच्या ॲडव्हान्स कोर्ससाठी ‘ए’ श्रेणी लागते, त्यामुळे सहज म्हणून जाऊ नका. तुम्ही पुण्यातच आहात, तर पंधरा किलोची सॅक पाठीवर घेऊन दर आठवड्याला सिंहगड चढा. पहिल्या महिन्यात गुडघेच खरे काय ते सांगतील.

उत्तर – बेलापूरची_सुमती

मी ४१ व्या वर्षी सुरुवात केली, म्हणून २९ वाचून हसू आले. साहित्याविषयी एवढेच सांगते की आधी फक्त क्लाइंबिंगचे बूट आणि स्वतःच्या डोक्याला नीट बसणारे हेल्मेट घ्या. बूट चालण्याच्या बुटापेक्षा घट्ट हवेत, पण बोटे दुमडून कळ येईल इतके नकोत. हार्नेस काही महिन्यांनी घ्या. दोर संस्थेचाच वापरा आणि कोणाचाही जुना दोर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, कारण तो किती पडझडी सोसून आला आहे किंवा कोणाच्या गाडीत बॅटरीशेजारी पडून होता, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. रॅपलिंगचा स्टॅटिक दोर आणि चढण्याचा डायनॅमिक दोर हे वेगळे असतात. पडणाऱ्याचा झटका ताणून झेलणारा दुसरा असतो.

भिंतीला नावे ठेवू नका, जुना_दोर. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी भिंतीवर गेल्यामुळेच माझी बोटे आणि पावले तयार झाली. मुंब्र्याच्या खडकांवर मी गेले ती त्यानंतर.

उत्तर – जुना_दोर

भिंतीला नावे ठेवलेली नाहीत, सुमतीताई. भिंतीवर बळ येते, हे मान्यच आहे. फक्त तिथला होल्ड, म्हणजे पकड, कोणीतरी आधीच घट्ट बसवलेला असतो, एवढे लक्षात असू द्या.

प्रश्नकर्ता – पाऊलवाट_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. आज एका संस्थेच्या साप्ताहिक बैठकीला जाऊन आलो आणि बिले कोण शिकवतो, हा प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर देण्याऐवजी हातात दोराचा तुकडा दिला आणि आठाकार गाठ मारायला सांगितली. ती तीनदा चुकली. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता बोलावले आहे, पण चढायला मिळणार नाही, हेही आधीच सांगून ठेवले आहे.