‘एर्स’चं मराठी : कुळव की दंताळं?

प्रश्न

क्रेसीची लढाई (२६ ऑगस्ट १३४६) खेळ म्हणून टेबलावर मांडायला घेतली आहे. एका बाजूला इंग्लंडचा तिसरा एडवर्ड, समोर फ्रान्सचा सहावा फिलिप. सहा बाय चार फुटांचं टेबल, थर्माकोल कापून केलेला उतार, वर पवनचक्की आणि २८ मिलिमीटरची चित्रं. ‘चित्रं’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. आमच्याकडे पुण्यात दिवाळीच्या किल्ल्यावर जे मातीचे मावळे नि गवळणी ठेवतात, त्यांना चित्रंच म्हणतात. ‘मिनिएचर’साठी ‘लघुप्रतिकृती’ असा जड शब्द घडवण्यापेक्षा हा घरातलाच बरा वाटला.

दोन भाच्यांसाठी नियम आणि मांडणीचा तक्ता मराठीत लिहितोय. अडलंय एका फ्रेंच शब्दावर. बखरकार फ्रुआसार सांगतो की एडवर्डच्या मुलाच्या, म्हणजे राजपुत्राच्या सैन्यात तिरंदाज ‘एर्स’सारखे उभे केले होते आणि चिलखती शिपाई ‘बाताय’च्या तळाशी. एर्स म्हणजे इंग्रजीतला हॅरो, आणि हॅरोला शब्दकोशात कुळव दिलाय. मी तक्त्यात ‘कुळवासारखे’ लिहिलं. धाकट्या भाच्याने आजोळी कुळव पाहिलेला आहे. त्याने सगळे तिरंदाज पट्टीने आखल्यासारखे एका ओळीत लावले. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद

भाच्याची चूक नाही, शब्दाची आहे. कुळवाला दात नसतात. त्याला आडवी लोखंडी पास असते, ती जमिनीखालून सरकत तण कापते आणि ढेकळं फोडते. कुळव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सरळ पातंच येणार, मग चित्रंही सरळ रेघेतच लागणार.

युरोपातला हॅरो निराळा. ‘लटरेल साल्टर’ या चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या इंग्लिश हस्तलिखितात त्याचं चित्र आहे, म्हणजे काळ जवळपास क्रेसीचाच. आडव्या-उभ्या पट्ट्यांची लाकडी चौकट घोडा ओढतोय, तिला खाली दात. मागून एक जण गोफणीने कावळे हाकलतोय. ती गोफण पाहून मला आमच्या ज्वारीच्या रानातला माळा आठवला. तर हे अवजार आपल्या दंताळ्याच्या जातीचं आहे. तक्त्यात ‘दंताळ्यासारखे’ लिहा.

आता मांडणीचं. पुढच्या ओळीतल्या दोघांच्या मधल्या फटीत मागच्या ओळीतला एक, त्याच्या मागच्या फटीत आणखी एक, असे आलटून-पालटून उभे केले की दंताळ्याच्या दातांचा भास होतो. मागच्यालाही समोरचा उतार दिसतो आणि बाण सोडायला वाट राहते. पण अभ्यासकांचं यावर एकमत नाही, हेही तक्त्यात टाका. चर्चमध्ये मेणबत्त्या लावायच्या तिकोनी चौकटीलाही एर्स म्हणत. त्यावरून काही जण तिरंदाजांचे पुढे आलेले त्रिकोण कल्पतात. शिवाय क्रेसीच्या वेळी फ्रुआसार लहान मूल होता. त्याने जे लिहिलं ते पुष्कळ वर्षांनी, इतरांचं ऐकून-वाचून.

मूळ लॅटिन शब्द ‘हिरपेक्स’, म्हणजे मोठं दंताळं. त्याचा एर्स झाला. मेणबत्त्यांची चौकट शवपेटीवर ठेवू लागले, त्यातून इंग्रजीत शववाहिकेला ‘हर्स’ म्हणू लागले. आणि रानात एकदा फिरवलेलं दंताळं पुन्हा फिरवायचं, त्यावरून ‘रिहर्सल’. नाटकाच्या तालमीला आपण रोज रिहर्सल म्हणतो, तो शब्द शेतातून आलाय हे कळलं तेव्हा मी किती तरी जणांना ते आवर्जून सांगितलं होतं.

प्रतिसाद

वरच्या दादांचं पटलं. त्याच वाक्यातला ‘बाताय’ही सांभाळा. तिथे त्याचा अर्थ लढाई नाही. त्या काळी सैन्याच्या मोठ्या भागाला बाताय किंवा बॅटल म्हणत आणि क्रेसीला एडवर्डचे असे तीन भाग होते. आपल्याकडे ‘फळी’ आहेच. ‘फळी फुटली’ बखरीच्या तोंडी शोभतं आणि ‘मधली फळी कोसळली’ हे भाचे क्रिकेटमुळे जाणतात. पुढच्या फळीला ‘बिनी’ म्हणा. बिनी म्हणजे फारसीत नाक, आणि ‘बिनीचा शिलेदार’ आपण अजून म्हणतो. राजा पवनचक्कीपाशी राखीव फळी घेऊन थांबला होता, तिला मी ‘हुजुरात’, म्हणजे राजाची खास फौज, म्हणेन.

‘नाइट’ला मात्र सरसकट सरदार म्हणू नका. सरदाराच्या हाताखाली माणसं असतात, प्रत्येक नाइटच्या नव्हती.

आणि फ्रेंचांच्या घोड्यांवर जे चिलखत किंवा जाड झूल घालाल, तिला ‘पाखर’ म्हणा. ‘मायेची पाखर’ म्हणताना पुष्कळांना पक्ष्याचे पंख आठवतात, पण पाखर म्हणजे मुळात घोड्याचं किंवा हत्तीचं चिलखत. मायेने जे अंगावर घालायचं ते कवच.

प्रश्नकर्ता

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री मांडणी बदलली. तीन-तीन तिरंदाज असलेल्या बैठका अर्ध्या-अर्ध्या सरकवून लावल्या आणि टेबलाच्या पातळीवर डोळा आणून मागच्या ओळीतून पाहिलं. पुढच्या दोन खांद्यांच्या मधून सबंध उतार दिसतो. सरळ रेघ होती तेव्हा मागच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसत होती. तक्त्यात आता ‘दंताळ्यासारखे’ लिहिलंय, खाली त्रिकोणांचंही सांगितलंय. फळी, बिनी, हुजुरात, पाखर सगळे घेतले. तिरंदाजांसमोर इंग्रजांनी फूटभर खोल नि फूटभर रुंद खड्डे खणले होते, ते पेन्सिलीच्या टोकाने थर्माकोलमध्ये टोचले. धाकट्याने त्यांना ‘गलीचे खड्डे’ नाव दिलंय. विटीदांडूची गल माहीत असलेल्याला ते लगेच कळेल, म्हणून तेही ठेवलं.

एक शब्द मीच शोधला. जिनोआचे क्रॉसबोवाले फ्रेंचांच्या बाजूने पहिले पुढे गेले. त्यांच्या उंच ढाली, ज्यांच्या आडोशाने धनुष्य पुन्हा ताणायचं, त्या मागच्या सामानात राहिल्या होत्या. आडोसा नाही आणि वरून बाणांचा पाऊस. ते मागे वळले तर त्यांच्याच बाजूचे घोडेस्वार त्यांच्या अंगावर आले. ‘सामान’ हा शब्द मला इथे फार साधा वाटत होता. पानिपताच्या वर्णनात जे ‘बुणगे’ येतात, तोच शब्द हवा होता. आज ‘बाजारबुणगे’ ही शिवी झाली आहे, पण फौजेमागून चालणारी माणसं आणि त्यांचा लवाजमा एवढाच त्याचा मूळ अर्थ. जिनोआच्या एकाही चित्राच्या हाती मी ढाल दिलेली नाही. सगळ्या ढाली फ्रेंच बाजूच्या कडेला, बुणग्यांच्या दोन गाड्यांत उभ्या रचून ठेवल्या आहेत.