मदत हवी आहे: जुन्या घराच्या भिंतीला ओल, दुरुस्ती कुठून सुरू करावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही नुकतंच एक जुनं घर विकत घेतलंय. जाड विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, छताला लाकडी तुळया. घर मनापासून आवडलंय, त्यामुळे घाईत काही बिघडवायचं नाहीये.

सर्वात मोठी काळजी ओलीची आहे. मागच्या भिंतीला जमिनीपासून साधारण ३ फुटांपर्यंत लोणा (ओलीमुळे येणारा पांढरा खारट थर) लागलाय, पोपडे निघतात. प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटवून २ दिवस ठेवला, तर आतल्या बाजूला पाणी जमलं. म्हणजे ओल भिंतीतूनच येतेय. गवंडी म्हणतात, सगळा गिलावा खरवडून सिमेंटचा करा. पण सिमेंटमुळे ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते, चुना मात्र भिंतीला सुकू देतो, असं माझं वाचन सांगतं. चुन्याचा गिलावा पुन्हा कुणी करून घेतलाय का? सुकायला किती वेळ दिलात? भिंतीच्या बाहेर मातीचा भराव जोत्याच्या वर आलाय. आधी तोच काढून पाहावा, असं मला वाटतं.

वायरिंग जुनं आहे, अर्थिंग नाही. ते पूर्ण बदलणारच, त्यात तडजोड नाही. भिंतींत खाचा पाडाव्या लागणार, म्हणून गिलाव्याआधी वायरिंग आणि नळ, हा क्रम बरोबर ना?

आणि एका तुळईवर टोकलं की पोकळ आवाज येतो. वाळवी असेल तर तेवढाच भाग बदलता येतो, की पूर्ण तुळई काढावी लागते? हे पाहायला स्ट्रक्चरल इंजिनिअरच बोलवावा, की अनुभवी सुतार पुरेल?