आपला केळी मंच स्वतःच्या सर्व्हरवरच ठेवायचा की तयार सेवेवर न्यायचा?

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. यावल-रावेर-चोपड्याकडच्या केळीवाल्यांचा हा मंच सहा वर्षं मी भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर चालवतोय. आता तो पैसे भरून मिळणाऱ्या तयार सेवेवर, म्हणजे जिथे मंचाची सगळी देखभाल कंपनीच करते तिथे, न्यावा, असं माझं मत झालंय.

गेल्या श्रावणातली गोष्ट. ढगाळ हवा, मृगबागेत (जून-जुलैच्या लागवडीत) सीएमव्ही हा मावा किडीमार्फत जाणारा विषाणूरोग पसरलेला, आणि पिवळ्या पट्ट्या पडलेल्या पानांचे फोटो धडाधड येत होते. रात्री अडीचला मंच बंद पडला. डिस्क पूर्ण भरलेली. शोधलं तर डिस्कोर्स, म्हणजे मंच ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, रोजचा बॅकअप त्याच डिस्कवर टाकत होतं, फोटोंसकट, आणि अशा पाच प्रती. डेटाबेसला एक ओळ लिहायला जागा उरली नव्हती. जुन्या प्रती पुसून सगळं सुरू झालं तेव्हा दारात दूधवाला उभा होता. ती चूक माझीच, पण भोगली तुम्ही. रोगट झाड लगेच उपटून टाकायचं असतं. उत्तर एक दिवस उशिरा मिळालं की मावा पुढच्या ओळीत पोचलेला असतो.

शिवाय किल्ल्या सगळ्या माझ्याकडे. डोमेन माझ्या खात्यावर, पैसे माझ्या कार्डावरून. मला काही झालं तर?

रावेरकर_आप्पा

भाऊ, तुझे कष्ट आम्ही पाहिलेत, तरी माझा ठाम विरोध आहे. आपला भाव दुसऱ्याने ठरवायचा, हे आपण केळीत जन्मभर सोसलं. आता आपल्या बोलण्याच्या जागेचंही भाडं दुसऱ्याने ठरवायचं? तेही डॉलरमध्ये?

गप्पांची साइट ऑर्कुट २०१४ साली बंद झाली. याहू ग्रुप्स या चर्चागटांच्या सेवेने २०१९च्या डिसेंबरात लोकांचा जुना मजकूर पुसायला घेतला आणि २०२०च्या डिसेंबरात दारच लावून घेतलं. उलट मायबोली १९९६ पासून स्वतःच्या बळावर उभी आहे. मराठी माणसाला हे जमतं. करपा या पानांच्या रोगावरची आपली सहा वर्षांची चर्चा, कुणाच्या वावरात कोणती फवारणी लागू पडली ते सगळं, दुसऱ्याच्या घरात ठेवायला माझं मन घेत नाही.

धुळ्याची_लेक

आप्पा, याहूचं उदाहरण इथे लागू पडत नाही. तिथे सॉफ्टवेअरही त्यांचंच आणि यंत्रही त्यांचंच, म्हणून दार लागलं की सगळं आत अडकलं. डिस्कोर्स २०१३ पासून मुक्त स्रोत आहे, म्हणजे कुणीही ते आपल्या सर्व्हरवर चालवू शकतं. तयार सेवेवर असलो तरी पूर्ण बॅकअप उतरवून घेता येतो. तो दुसऱ्या सर्व्हरवर चढवला की मंच पुन्हा उभा. सदस्यांना पासवर्डसुद्धा बदलावा लागत नाही. पैसे डॉलरमध्ये जातील हे मात्र खरं, आणि ते मलाही टोचतं.

आणि आज तरी सगळं आपलं कुठे आहे? मेलचंच बघा. नव्या सदस्याला पुष्टीचा मेल जातो, तो स्पॅममध्ये पडला की माणूस परत फिरकत नाही. बरेच क्लाउडवाले (सर्व्हर भाड्याने देणारे) २५ नंबरचा पोर्ट, म्हणजे मेल बाहेर जायची वाट, आधीपासूनच बंद ठेवतात, म्हणून मेल पाठवायला आपण बाहेरचीच सेवा घेतलीय. डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी (मेल खरंच आपलाच आहे हे पटवणाऱ्या) नीट हव्यात, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केलेत. मी हेच काम नोकरीत करते, तरी प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो. भाऊंनी हे बागेचं पाणी सांभाळून करायचं, यात मला अन्याय दिसतो.

शहाद्याची_पपई

कुठेही न्या, पण व्हॉट्सॲपवर नको. माझा फोन बिघडला आणि ग्रुपवरची तीन वर्षांची माहिती गेली.

मृगबाग

१० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली होती. ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्यातल्या कितीतरी जणांचं सगळं गेलं. तेही पैसे भरूनच होते. भाऊंची डिस्क भरली तो प्रकार याचाच लहान भाऊ. तेव्हा मंच कुठेही ठेवा, एक प्रत जळगावात कुणाच्या तरी कपाटात हवीच.

रावेरकर_आप्पा

ताई, मेलचं पटलं. बॅकअप उतरवता येतो हे मला माहीत नव्हतं, तेही मानलं. पण पैशाचं बोला. आजचा खर्च महिन्याला हजाराच्या आत आहे आणि तो वर्गणीतून निघतो. वादळात बागा आडव्या झाल्या त्या वर्षी वर्गणी आली नव्हती, भाऊने पदरचे भरले. तयार सेवेला याच्या कितीतरी पट लागतील. तसं वर्ष पुन्हा आलं तर कोण भरणार? त्यापेक्षा आपली पोरं-पोरी शिकवा. माझी नात कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला मी घेऊन येतो.

तापीकाठ

आप्पा, नातीला आणाच. येत्या रविवारी सकाळी नऊला माझ्या घरी. एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून ठेवतो. कालच्या बॅकअपवरून मंच त्यावर उभा करायचा, आणि मी कीबोर्डला हात लावणार नाही. ताई फोनवर असतील. दोन जणांना संध्याकाळपर्यंत जमलं तर मंच इथेच राहील, बॅकअप रोज दुसऱ्या ठिकाणी जाईल आणि किल्ल्या तिघांकडे. नाही जमलं तर दिवाळीआधी तयार सेवा घेऊ. पहिल्या वर्षाचे पैसे कसे उभे करायचे ते तिथेच बसून ठरवू.

बॅकअपची फाईल ११ जीबीची आहे. १६ जीबीचा तरी पेनड्राइव्ह सोबत आणा, एक प्रत लगेच जळगावला पाठवू.