मदत हवी आहे: ६० खुर्च्यांच्या रेस्टॉरंटला आइस मशीन किती किलोचं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांत रेस्टॉरंट सुरू करतोय. बाकीची खरेदी उरकली, गाडी आइस मशीनवर अडली आहे. ६० खुर्च्या, दुपारी १२ ते ३ आणि संध्याकाळी ७ ते ११. दोन्ही वेळची मिळून १६० माणसं धरली आहेत.

पार्टनर म्हणतो ५० किलोचं (म्हणजे दिवसाला ५० किलो बर्फ करणारं) बास झालं. विक्रेता १५० च्या खाली उतरायला तयार नाही. त्याचा ठोकताळा माणशी ७०० ग्रॅम, म्हणजे ११२ किलो, आणि वर "पुढे धंदा वाढेल ना साहेब". दोघांचंही पटेना म्हणून काल घरातल्या काट्यावर ३०० मिलीचा ग्लास ठेवला आणि क्यूबने काठोकाठ भरला. १६० ग्रॅम भरले. माणशी दोन ग्लास धरले तर साधारण ५१ किलो. टेबलावरच्या आइस बकेट, उकळून काढलेल्या भाज्या गार करायला लागणारा बर्फ, सांडलवंड धरून ६०. सुट्टीच्या दिवशी ७०, त्यात दुपारी २८ आणि रात्री ४२.

म्हणून काउंटरखाली बसणारं १०० किलोचं एक मशीन पाहून ठेवलंय, आतच ३० किलोची पेटी आहे. ७० लागतात, १०० मिळतात. हिशेब बरोबर आहे ना? काही सुटत असेल तर पैसे भरायच्या आधी सांगा.

प्रतिसाद १

तोलून बघितलंत हे फार बरं केलंत, बहुतेक जण तेवढंही करत नाहीत. माणशी ७०० ग्रॅममध्ये मोठे ग्लास आणि पुन्हा पुन्हा भरून देणं धरलेलं असतं. (बारला तर ते माणशी जवळजवळ दीड किलो धरतात.) तुमचा ७० चा आकडा मला मान्य आहे.

पण तुमचे १०० हे १०० नाहीत. माहितीपत्रकावर ठळक छापलेला आकडा बहुधा २१ अंश हवा आणि १० अंश पाणी धरून २४ तासांचा असतो. तुमच्या किचनमध्ये १० अंशांचं पाणी कुठून येणार? १० अंशांच्या एक किलो पाण्याचा बर्फ करायला सुमारे ३७६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, ३० अंशांच्या पाण्याला ४६०. त्यात कंडेन्सरला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला) गरम हवा मिळाली की मशीन आणखी मंदावतं. पाव भाग तरी वजा करा. राहिले ७५, म्हणजे तासाला तीन किलोच्या थोडं वर.

आता खरी गंमत. रात्री ११ ला पेटी रिकामी आहे असं धरा. सकाळी नऊच्या आत तुमची ३० किलोची पेटी भरते आणि मशीन आपोआप थांबतं. बारापर्यंतचे तीन तास फुकट. दुपारी २८ गेले, त्या वेळात ९ बनले, उरले ११. सातपर्यंत आणखी १२-१३ पडले, झाले २४. रात्रीच्या चार तासांत अजून १२-१३, म्हणजे एकूण ३६-३७. तुम्हाला हवेत ४२. दिवसभराचं उत्पादन गरजेपेक्षा जास्त, तरी साडेदहाच्या सुमाराला स्कूप पेटीच्या तळाला खरवडतोय.

हेच मशीन ५० किलोच्या पेटीवर असतं तर कसंबसं निभावलं असतं. म्हणून किती बनतं आणि किती साठतं हे दोन वेगळे प्रश्न समजा. काउंटरखालच्या मशीनला नंतर मोठी पेटी जोडता येत नाही, त्यामुळे मी तरी ते घेणार नाही. वर मशीन आणि खाली सुटी पेटी असा प्रकार बघा.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. एक विचारतो, मशीन ठेवणार कुठे? आमच्याकडे जागा नाही म्हणून फ्रायरच्या शेजारी ठेवलं होतं. जाळीवर तेलकट धूळ बसायची आणि दर उन्हाळ्यात बर्फ कमी पडायचा. जाळी धुतली की चार दिवस बरं, पुन्हा तेच. शेवटी कोठीच्या खोलीत हलवलं तेव्हा सुटलो.

मागे-बाजूला वीतभर मोकळी जागा ठेवा, आत येणाऱ्या पाण्याला फिल्टर लावा, आणि पेटीचं पाणी उतारानं जाईल असा ड्रेन जवळ आहे का ते फरशी बसायच्या आधी बघा. पाणी जड असेल तर क्षार बसून क्यूब पांढुरके आणि बारीक पडायला लागतात, मग सहा महिन्यांची सफाई तीनवर येते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. सकाळी मशीन नुसतं उभं राहतं हे डोक्यातच आलं नव्हतं. जागेचंही तसंच, नकाशात मी ते भांडी धुवायच्या मशीनला चिकटून दाखवलं होतं, म्हणजे वाफेतच.

आज विक्रेत्याकडे तापमानानुसार उत्पादनाचा तक्ता मागितला. आधी "सगळीकडे तेवढंच पडतं" म्हणाला, मग पाठवला. त्याच्याकडच्या १३० किलोच्या मॉडेलला ३२ अंश हवा आणि २१ अंश पाण्यावर ९८ लिहिलेत. माझं पाणी त्याहून गरम, म्हणून ९० धरतोय. खाली ६० किलोची सुटी पेटी. कागदावर मांडून पाहिलं, सुट्टीच्या दिवशीही रात्री ११ ला २० किलो उरतात.

आता प्रश्न एवढाच की ही जोडी कोठीच्या दारातून आत जाते का. उद्या टेप घेऊन जातोय.