मदत हवी आहे: सव्वासात ते आठ, दोन मुलं, एक भांडं

नमस्कार. मोठा साडेचार वर्षांचा, धाकटी सव्वा वर्षाची. ठाण्याहून सुटून, डोंबिवलीत पाळणाघरातून दोघांना उचलून घरात शिरते तेव्हा सव्वासात झालेले असतात. आठला धाकटी डोळे चोळायला लागते. नवऱ्याची दुपारपाळी, त्यामुळे या पाऊण तासात मी एकटीच. सकाळीच कुकर लावून जाते, पोळ्याही चार-पाच जास्तीच्या करून ठेवते.

धाकटीला तिखट चालत नाही, मोठ्याला ताटात हिरवं दिसलेलं चालत नाही, आणि तीन प्रकारचं शिजवणं मला जमत नाही. सासूबाईंनी पाठवलेलं मेतकूट, मऊ भात, तूप हे दोघंही चाटूनपुसून खातात, पण या आठवड्यात तेच चारदा झालंय. खरं दुखणं नाचणीच्या घावनाचं. पीठ तव्यावर पसरतं छान, पण उलथनं घातलं की तुकडे. शेवटी खरवडून, दही कालवून भरवलं.

‘भूक लागली की खातील’ हा सल्ला घरून मिळालाय. कृपया दुसरा द्या.

कोथिंबीरजुडी
वरणफळं करा. सकाळचं वरण पातळ करून हिंग-जिऱ्याची फोडणी द्या, त्यात दुधी किसून घाला, पुरता विरघळतो. कणकेत चमचाभर बेसन, ओवा, थोडं मोहन. पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडायचे आणि उकळत्या वरणात एकेक करून सोडायचे. घाईत सगळे एकदम टाकलेत तर गोळा होतो (अनुभव!). फळं तरंगली तरी आणखी पाचेक मिनिटं शिजू द्या. दोघांच्या वाट्या काढून झाल्या की कढल्यात लसूण-लाल तिखटाची फोडणी करून उरलेल्यावर ओता. मोठ्यांचं जेवण तेच.

बिडाचा_तवा
नाचणीत ग्लूटेन नसतं, म्हणून नुसत्या पिठाला धरून ठेवणारं काही नाही. वाटीभर नाचणीला पाव वाटी तांदळाचं पीठ, दोन चमचे बेसन, ताक आणि पाणी घालून सैलसर भिजवा, वीस मिनिटं विसरून जा. तवा चांगला तापवा, पाणी शिंपडल्यावर चर्र झालं पाहिजे. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवा आणि तव्यावर घासा. पीठ कडेकडेने ओतत मध्ये या, वर झाकण. कडा आपण होऊन सुटेपर्यंत उलथन्याला हात लावू नका. तुमचं बहुतेक इथेच बिनसतंय.

मावशी_मिरजकर
पोळ्या उरतातच ना? कुस्करून फोडणीची पोळी कर. फक्त अख्खे शेंगदाणे नकोत, पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात अडकतात. म्हणजे मोठ्यालाही नकोत. त्याऐवजी कूट घाल. नाहीतर तूप-गुळाचा पोळीचा लाडू.

आणि मेतकूट चारदा झालं तर काय बिघडलं गं? हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू, सगळं भाजून दळलेलं असतं त्यात. सोबत गाजराची कोशिंबीर ठेव. खाईल नाहीतर टाकेल. दुधी लपवून घालायचं मात्र मला पटत नाही. पुढे दुधी म्हणून ओळखणार कधी तो?

कोथिंबीरजुडी
मावशी, आठ वाजता ओळखपरेड कोण घेणार? :)

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काल वरणफळं केली. मोठ्याच्या हातात कातण दिलं, तर त्याने चौकोन, त्रिकोण आणि एक ‘डायनासोर’ पाडला. स्वतः पाडलेले तुकडे शोधून शोधून खात होता. मध्येच ‘हे पांढरं काय?’ विचारलं. मावशी, माफ करा, मी ‘वरणच आहे’ म्हटलं. धाकटीने निम्मं खाल्लं, निम्मं केसांना लावलं.

आज घावन. पहिलं फाटलं, दुसरं कडेने सुटून अख्खं आलं. आनंदात फोटो काढायचा राहिला आणि तिसरं करपलं. आता वाटीभर भिजवलेलं पीठ उरलंय, ताक घातलेलं. फ्रीजमध्ये ठेवलंय. उद्या सकाळच्या डब्याला चालेल, की फार आंबेल?