केबल टीव्हीच्या जुन्या वायरिंगवरचे कुलूपबंद कनेक्टर वायर न कापता कसे काढावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार. जुळे सोलापुरात आम्ही घेतलेल्या एका जुन्या दुमजली घरात केबल टीव्हीची वायर भिंतींच्या आतून, पाइपांतून फिरवलेली आहे. ती वाया न घालवता पुन्हा वापरायची आहे आणि त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

जिन्याखाली एक लोखंडी पेटी असून तिच्यात चार आउटपुटचा स्प्लिटर, म्हणजे एका वायरीतला सिग्नल अनेक वायरींत वाटणारा भाग, बसवलेला आहे. गच्चीवरून उतरलेली एक वायर त्यात येते आणि तिथून बैठकीची खोली, वडिलांची खोली व माडीवरची खोली अशा तीन वायरी निघतात. चौथे आउटपुट रिकामे आहे आणि त्यावर धातूचे टोपण आहे. अडचण अशी की यांपैकी कोणत्याही जोडावर नेहमीच्या एफ कनेक्टरचा (केबलच्या वायरीच्या टोकाला लावायच्या, आट्यांच्या जोडाचा) षटकोनी नट दिसतच नाही. ज्या नटाला ११ मिलिमीटरचा पाना लागतो, तो एका गुळगुळीत गोल नळीच्या, म्हणजे सिक्युरिटी स्लीव्हच्या, आत पूर्णपणे झाकला गेला आहे. ही नळी पकडीने फिरवली, तर लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून बनवलेल्या औषधाच्या झाकणासारखी ती जागच्या जागी फिरत राहते आणि आतला नट हलत नाही.

हे जोड खोलण्यासाठी वेगळे हत्यार असते, एवढे मला ठाऊक आहे. एका बाजूने उभी चिरलेली ती पोकळ नळी असते; चिरेतून वायर आत घ्यायची, नळी वायरीवरून पुढे सरकवत स्लीव्हच्या आत न्यायची, म्हणजे तिचे तोंड नटाला धरते आणि उलटे फिरवल्यावर जोड सुटतो. नवी पेठेतील दुकानांत एफ कनेक्टर, जॉइंटर (दोन वायरींची टोके एकमेकांना जोडणारा तुकडा), कनेक्टर वायरीवर दाबून बसवण्याची क्रिंपिंगची पक्कड हे सगळे मिळते, परंतु हे हत्यार मागितले की दुकानदार केबलवाल्याकडे जाण्यास सांगतात. ज्यांनी हे वायरिंग केले त्यांनी व्यवसाय सोडला आहे आणि ज्यांच्याकडे आता ती लाइन आहे त्यांच्याजवळ हे हत्यार नाही.

वायर पुन्हा वापरण्याचे कारण असे, की वडिलांना सह्याद्री वाहिनी आणि बातम्या एवढेच पुरते, व त्यासाठी मासिक शुल्क नसलेली डीडी फ्री डिश आम्ही लावत आहोत. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे सोलापुरातून छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसवावी लागते, आणि आमच्या गच्चीवर त्या दिशेला आकाश मोकळे आहे. मात्र मधला स्प्लिटर तसाच ठेवून हे काम होणार नाही. केबलचे प्रसारण साधारण ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, तर छत्रीवरच्या एलएनबीकडून, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडून वायरीत सोडणाऱ्या भागाकडून, खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो. शिवाय सेट-टॉप बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो, आणि केबलसाठी बनवलेला स्प्लिटर हा दाब पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे गच्चीवरून आलेली वायर आणि वडिलांच्या खोलीकडे जाणारी वायर या दोन्ही स्प्लिटरवरून सोडवून साध्या जॉइंटरने थेट जोडायच्या आहेत. म्हणजे दोनच कुलपे उघडली तरी आमचे काम भागते.

ही कुलपे कशासाठी होती, याचाही मी विचार केला. अ‍ॅनालॉग काळात वायरीला फाटा मारला की दुसऱ्या टीव्हीवर सगळ्या वाहिन्या फुकट दिसत, म्हणून जोड बंद करण्याला अर्थ होता. सोलापूर शहर केबल टीव्हीच्या सक्तीच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३च्या मुदतीत, आले. त्यानंतर प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र बॉक्स लागतो आणि नुसता फाटा मारून काहीच दिसत नाही. घरातील वायर कोणाची, हा प्रश्नही मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत १९९२च्या केबल कायद्यानुसार यासाठी नियम झाले आणि स्वतंत्र घरात वायर जिथून शिरते तिथून बाहेर साधारण १२ इंचांवर सीमा मानली गेली. आमच्या बाबतीत भिंतींतील वायर, पेटी आणि स्प्लिटर हे सर्व आधीच्या मालकांनी स्वतःच्या खर्चाने करून घेतले होते, त्यांचे कनेक्शन रीतसर बंद झाले आहे आणि बॉक्सही परत दिलेला आहे, म्हणून घरातील जोडांना हात लावण्यास मला संकोच नाही. गच्चीच्या कठड्यावर मात्र केबलवाल्यांचा टॅप-ऑफ, म्हणजे मुख्य लाइनमधून घरोघरच्या वायरी काढणारा भाग, आहे, त्यावरून शेजारच्या घरांना लाइन गेली आहे आणि आमच्या वायरीचे वरचे टोकही तिथे अशाच स्लीव्हने बंद केलेले आहे.

वायर कापून नवा कनेक्टर लावणे हा सोपा मार्ग आहे, हे मी जाणतो. परंतु पेटीत वायरीला जेमतेम दोन बोटे ढील आहे, आणि पाइपला इतकी वळणे आहेत की जुनी वायर ओढून नवी घालणे भिंत फोडल्याखेरीज शक्य दिसत नाही. एकदा कापल्यावर पुढे कधी कनेक्टर खराब झाला तर काय करायचे, ही माझी खरी चिंता आहे. तेव्हा हत्यार नसताना नट कसा सोडवावा, आणि गच्चीवरच्या टोकाचे काय करावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद:

मी केबलच्या लाइनवर काम केलेले आहे, म्हणून क्रमाने लिहितो. सर्वांत आधी घरातील सर्व टीव्ही आणि बॉक्स यांचे प्लग सॉकेटमधून काढून ठेवा, केवळ रिमोटने बंद करू नका. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या उपकरणांतून वायरीच्या जाळीवर, म्हणजे मधल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टणावर, थोडा वीजदाब उतरतो आणि हाताला झिणझिण्या येतात. नंतर मल्टिमीटर एसीवर ठेवून जाळी आणि अर्थिंग यांच्यामध्ये दाब नाही ना, हे पाहून घ्या.

आता स्प्लिटरचे स्क्रू काढून तो पेटीतून मोकळा करा. स्लीव्ह मागे, वायरीच्या दिशेने सरकते का, हे आधी पाहावे. काही स्लीव्ह नुसत्या बसवलेल्या असतात आणि थोड्या मागे आल्या तरी नटाची कड दिसते. तसे नसेल, तर स्लीव्ह आणि नट यांच्या फटीत घड्याळजीचा बारीक सपाट स्क्रू-ड्रायव्हर घट्ट अडकवा. दोन्ही एकमेकांत अडकले की पकडीने स्लीव्ह फिरवल्यावर नटही सोबत फिरतो. जोर लावताना वायर पिळली जाणार नाही, याची काळजी घ्या. चौथ्या आउटपुटवरचे टोपण काढू नका. तो ७५ ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे रिकामे आउटपुट बंद करणारा रोध, असतो, आणि स्प्लिटरच काढून टाकणार असल्याने त्याला हात लावण्याची गरज नाही.

गच्चीवरच्या टॅप-ऑफला मात्र अजिबात हात लावू नये. काही ठिकाणी अ‍ॅम्प्लिफायरची वीजही त्याच लाइनमधून दिलेली असते, आणि मोकळे राहिलेले आउटपुट टर्मिनेटरने बंद केले नाही तर शेजाऱ्यांच्या चित्रात बिघाड येऊ शकतो. आताच्या केबलवाल्यांना बोलावून त्यांच्याच हातून ते टोक सोडवून घ्या. गच्चीवर वायरीला ढील असेल तर तिथे कापण्यासही हरकत नाही, कारण तिथली लांबी जॉइंटर लावून वाढवता येते.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून आभार. गच्चीवर ढील भरपूर आहे, त्यामुळे तो प्रश्न सुटला. खाली वडिलांच्या खोलीच्या जोडावर मात्र फट इतकी बारीक आहे की सुईखेरीज काही जात नाही. तिथे स्लीव्हच चिरावी लागेल असे दिसते. त्यासाठी लहान ग्राइंडर वापरला, तर उष्णतेने आतील पांढरे पॉलिथिलीन मऊ होऊन मधली तार जाळीकडे सरकेल का?

प्रतिसाद:

सरकू शकते, म्हणून ग्राइंडर वापरू नये. स्प्लिटर शिकंजात धरा, लोखंड कापण्याची बारीक दातांची करवत हाताने चालवा आणि स्लीव्ह उभी चिरा, पण नटावरच्या भागातच. मागचा वायरीवरचा भाग कापू नका. चीर पुरेशी खोल झाली की स्क्रू-ड्रायव्हरने फाकवा, नट मोकळा होईल. धातूचा कीस कनेक्टरच्या तोंडात राहिला तर मधली तार आणि जाळी जोडली जाते, म्हणून ब्रशने झाडून घ्या. जॉइंटर लावण्यापूर्वी वायरीची दोन्ही टोके मोकळी ठेवून मल्टिमीटर लावा: मधली तार आणि जाळी यांच्यात जोड दाखवता कामा नये. मग खोलीतील टोकाशी मधली तार आणि जाळी एकत्र करून पुन्हा तपासा. आता थोड्याच ओहमचा अडथळा दिसला, तर भिंतीतील वायर सलग आहे आणि छत्रीचा बॉक्स तिच्यावर जोडण्यास हरकत नाही.